सरांच्या वाटणीची भाकर

आमचे सर सायकलवर कधी बसले न्हाईत. सायकल होती, चांगली काळीभोर, घंटीवाली. रोज सकाळी खोलीपासून शाळेपर्यंत ती हाताशी धरून चालत यायचे अन् संध्याकाळी तशीच धरून चालत जायचे. गावात नवा माणूस आला की हमखास विचारायचा, "मास्तर, पंक्चर झाली का?" सर म्हणायचे, "नाही जनाब, सवय आहे." खरी गोष्ट अशी की त्यांना चालवताच येत नव्हती. मंग घेतली कशाला? तर एका हँडलला वह्यांची पिशवी, दुसऱ्याला पाण्याची कळशी, मागं कॅरिअरवर खडूचं खोकं. "गाढव ठेवलं असतं तर चारा लागला असता," असं त्यांचं म्हणणं.

आता असल्या माणसानं शाळा काढली म्हणल्यावर ती सरळ कशी निघणार?

गाव हसनाबादपासून तीन कोसांवर. जालना जिल्हा तवा झाला नव्हता, कागदोपत्री आम्ही औरंगाबादचे. गावात सरकारी शाळा होती, पण ती मास्तरला वाटंल तवा भरायची. सरांनी पाटलांच्या वाड्यामागच्या कापसाच्या वखारीत आपली शाळा मांडली. बालवर्ग ते सातवी, चाळीस-पंचेचाळीस पोरं, अन् शिकवायला एकटे सर. ही शाळा कोण्या देवाची न्हाई, कोण्या जातीची न्हाई, कोण्या पक्षाची न्हाई, असं ते दारोदार सांगत हिंडले. माझ्या बापानं विचारलं, "मंग हाय तरी कोणाची?"

"लेकरांची," सर म्हणाले.

बापानं दुसऱ्या दिवशी मला नेऊन बसवलं. आम्ही छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्यातले. शिक्षण म्हणलं की बापाला भूक लागायची न्हाई अन् झोप यायची न्हाई. वस्तीतली बाकीची पोरं सरकारी शाळेत न्हाईतर शेतात. सरांच्या वखारीत आमच्यातली मी एकटीच.

शाळेत प्रार्थना नव्हती. म्हणजे होती, पण पाढ्यांची. सकाळी सगळ्यांनी हात जोडायचे, डोळे मिटायचे अन् पावकी म्हणायची. सोमवारी पावकी, मंगळवारी निमकी, बुधवारी पाउणकी. शनिवारी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, ती म्हणताना भल्याभल्यांना देव आठवायचा. पाटील एकदा म्हणले, "मास्तर, शाळेत देव पायजे काही तरी." सर म्हणाले, "आहे की. एकोणतीसचा पाढा. त्याच्यापुढं हिंदू, मुसलमान, बौद्ध सगळे बराबर थरथरतात." खोटं न्हाई सांगत, आजबी कोणी बे एके बे म्हणलं की माझे हात आपोआप जुळायला जातात.

शिक्षा अजून वेगळी. सर मारायचे न्हाईत. जास्त मस्ती केली की नुसतं म्हणायचे, "जा, घरी जा." बस्स. एवढं ऐकलं की पोरं रडायला लागायची, पाय धरायची. कारण घरी गेलं की माय लगेच कापूस येचायला पाठवणार. मारलं असतं तर परवडलं असतं.

अन् शिकवायचे कसे, तर शिकवायचेच न्हाईत. मोठ्या वर्गातल्या प्रत्येकाला बालवर्गातलं एक लेकरू नेमून दिलेलं. त्या लेकराला वाचता आलं तर मोठा पास, न्हाई आलं तर मोठा नापास. म्हणून दाढीमिशा फुटायला लागलेली पोरं सहा वर्षांच्या पोराच्या हनुवटीला हात लावून म्हणायची, "राजा, एवढं 'क' काढ रे, पाया पडतो." सर खुर्चीत बसून हे बघायचे अन् म्हणायचे, "याला म्हणतात तालीम, म्हणजे शिक्षण." मी म्हणते, याला म्हणतात आळस. पण आमच्या शाळेतलं एक पोरगं बिनवाचतं राह्यलं न्हाई, हे बी तेवढंच खरं.

माझ्या वाट्याला पाटलांची नात आल्ती. सहा वर्षांची, गोरीपान, अन् खडू खायची. मी पाटीवर अक्षर काढायला खडू द्यावा, तर अर्धा पोटात. तिला 'अ' शिकवता शिकवता माझा डबाभर खडू संपला. पण पोरगी हुशार होती अन् माझा पदर सोडायची न्हाई. सातवीतल्या पोरीला पदर कुठला? परकराचं टोक धरायची.

गावाला एकच काळजी होती : सर कोण? सर हैदराबादकडून आल्ते, निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. वही उघडायची तर शेवटच्या पानाकडून उघडायचे. आडनाव विचारलं की म्हणायचे, "हेडमास्तर." लग्न न्हाई, जानवं न्हाई, माळ न्हाई, घरात देव्हारा न्हाई. चहाच्या हॉटेलात रोज पैजा लागायच्या. कोणी म्हणायचं बामण हाय, बोलणं बघा. कोणी म्हणायचं बिलकुल न्हाई, बागवानाच्या घरी मटण खाऊन राह्यलं होतं मोहरमला, म्या डोळ्यानं पाह्यलं. शेवटी गावानं नाद सोडला. जातच कळंना म्हणल्यावर माणूस चिडून तरी किती चिडणार?

आता टोपलीचं सांगते, कारण सर म्हणजे टोपली.

बहात्तरच्या दुष्काळात सगळं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेल्तं. घरोघरी रेशनचा लाल मिलो, अमेरिकेची ज्वारी. पाटलाच्या घरी बी तोच अन् आमच्या घरी बी तोच. त्याची भाकर थापली की चिरायची, तव्यावर टाकली की तुकडे व्हायचे. काही पोरं तर रिकाम्या हातानं यायची अन् दुपारी पाणी पिऊन बसायची. सरांनी एक दिवस मोठी टोपली आणली अन् म्हणाले, ज्यानं जे आणलं ते यात टाका. वरून धोतर झाकलं. मंग एकेकानं यायचं, डोळे मिटायचे, धोतराखाली हात घालायचा अन् जी भाकर हाताला लागंल ती घ्यायची. आधी लहान, मंग मोठे, सगळ्यात शेवटी सर. स्वतःच्या घरची निघाली तर परत टाकायची, असा वरून नियम; ती ओळखायची कशी, ते सरांनी सांगितलं न्हाई. कोण कोणाची खातंय ते कोणाला कळणार न्हाई. भुकेला कोंडा, निजेला धोंडा. त्या साली कोणी चकार शब्द काढला न्हाई.

मंग पाऊस झाला, घरोघरी ज्वारी आली. टोपली तशीच चालू राह्यली. रोज पाळीनं एका घरून सरांसाठी एक भाकर जास्तीची यायची. अन् इथंच सरांची चूक झाली. दुष्काळात सगळ्यांची भाकर एकसारखी लाल होती, ती आताही एकसारखीच हाय, असं या भल्या माणसाला वाटत राह्यलं. जन्मात कधी परातीत पीठ न घेतलेला माणूस! अहो, भाकर ओळखायला डोळे लागतात का? बोटाला कळतं. एका घरची जाड, एका घरची काठाला फाटलेली, एका घरची कडक. पाटलांच्या घरची जाडजूड अन् मधे कच्ची, कारण पाटलीणबाईला रोज पंधरा गड्यांचा तवा उरकायचा असायचा. बागवानाची कोणी उचलायचं न्हाई म्हणावं, तर तिला तुपाचा हात असायचा, म्हणून ती झटक्यात खपायची. तुपापुढं धरम किती टिकणार?

माझ्या मायची भाकर तर आंधळ्यालाबी कळंल. पातळ, गोल, टम्म फुगून वर पापुद्रा सुटलेला. अन् काठाला एक खळी. कडबा तोडताना मायच्या उजव्या हाताचं मधलं बोट पेरापासून गेल्तं, त्यामुळं थापताना तिथं दाब वेगळा पडायचा. पोरं डोळे मिटून टोपलीत हात घालायची, खळी लागली की बोटं पुढं सरकायची. बालवर्गातल्या एखाद्यानं चुकून उचलली तर उचलली, न्हाईतर ती तळाला राह्यलीच म्हणून समजा. मंग शेवटी सर यायचे. डोळे घट्ट मिटायचे, टोपलीत एकच भाकर उरलेली असायची तरी चांगलं चाचपून काढायचे अन् म्हणायचे, "वा! आज पण काय झकास निघाली. नशीब लागतं."

तीन वर्षं! तीन वर्षं हा माणूस रोज माझ्या मायची भाकर खात होता अन् नशिबाला शाबासकी देत होता. मला हसू यायचं अन् त्याच घासाला डोळ्यात पाणी बी यायचं. घरी गेलं की माय विचारायची, "आज कोणाच्या वाट्याला गेली गं माझी भाकर?" मी रोज एक नाव सांगायची. आज अमक्यानं खाल्ली, काल तमकीनं खाल्ली, बोटं चाटून राह्यली होती. माय खुश व्हायची अन् दुसऱ्या दिवशी अजून पातळ थापायची. आता तिला कोण्या तोंडानं खरं सांगणार?

मी सातवीत असताना गाडं अडलं. माझ्या खडूखाऊ पोरीच्या हाताला एकदा मायची भाकर लागली अन् तिला ती आवडली. पाटलांच्या वाड्यावर सोयरे आल्ते, पंगत बसली होती, तवा ही बया ताट सरकवून म्हणली, "आज्जी, तुझी भाकर कच्ची अस्ती. तिच्या मायसारखी कर." कोणाच्या मायसारखी, ते बी बोट करून आमच्या वस्तीकडं दाखवलं. सोयऱ्यांचे घास हातातच राह्यले.

दुसऱ्या दिवशी पाटील वखारीत हजर. "मास्तर, टोपली बंद करा. ज्याची भाकर त्यानं खावी. अन् त्या वस्तीवरच्या पोरीची बसायची जागा दारापाशी करा. जमत नसंल तर वखार खाली करा, मला कापूस भरायचा हाय."

माझा बाप मला कधीचा सांगून बसला होता : वेगळं बसवलं की त्या दिवशी शाळा सुटली समज. सातवीची परीक्षा दोन महिन्यांवर आल्ती. मी भिंतीला टेकून उभी होते.

दुसरा कोणी असता तर हात जोडले असते. सर म्हणाले, "पाटील, भाकर ही भाकर असते. या टोपलीतून तुमच्या घरची ओळखून काढा. ओळखली, तर टोपली बंद अन् तुम्ही म्हणाल तसं. नाही ओळखली, तर या विषयावर पुन्हा बोलायचं नाही अन् वखार शाळेची."

"शब्द?"

"शब्द. सोमवारी दुपारी, सगळ्या गावासमोर."

 मी धीर करून सरांच्या मागं गेले. "सर, भाकर ओळखू येती."

"बिलकुल येत नाही," सर म्हणाले. "तीन वर्षं मी डोळे मिटून काढतोय. मला कधी आली का?"

 मी परत आले.

सोमवारी वखारीपुढच्या लिंबाखाली गाव जमलं. पाटलीणबाई वाड्याच्या मागच्या दाराआड उभी. माझी माय निंदणावरून तशीच आल्ती, हातात खुरपं. सरांनी टोपली मधे ठेवली अन् धोतर ओढलं. पाटलांनी बाह्या सारल्या. एक भाकर उचलली, ठेवली. दुसरी उचलली, वास घेतला, ठेवली. तिसरी उचलली ती पातळ, गोल, पापुद्रा सुटलेली.

"ही! ही आमच्या घरची. अशी भाकर गावात दुसऱ्या घरी होती का? बघा, बघा कशी फुललीय." अन् एवढ्यावर न थांबता पाटलांनी तुकडा मोडला अन् तोंडात टाकला. "बराबर. हीच चव."

चाळीस पोरांच्या मुंड्या माझ्याकडं वळल्या. दाराआड पाटलीणबाईनं पदर तोंडात कोंबला होता अन् तिचे खांदे हलून राह्यले होते. सरांचा चेहरा मात्र पांढरा पडला. त्यांना वाटलं, हरलो. "ठीक आहे," ते म्हणाले, "शब्द म्हणजे शब्द." अन् टोपली उचलायला वाकले. 

"थांबा सर," माय म्हणली. "ती भाकर माझ्या हातची हाय."

 माय खुरपं खाली टाकून पुढं आली अन् पाटलांच्या हातातल्या भाकरीच्या काठावर तिनं आपला हात ठेवला. चार बोटं बराबर बसली अन् तुटकं बोट खळीत. "हे बघा. तुम्ही म्हणाल तर अजून एक थापून दाखविते."

पाटलांचं चावणं थांबलं. थुंकावं तर बायको बघती, गिळावं तर गाव बघतं. शेवटी गिळलं. मंग दाराकडं तोंड करून ओरडले, "काय गं, आपली कोणती मंग?"

"ती तळाची, जाड," आतून आवाज आला. "तुम्हाला काय ठावं? तुमच्या ताटात म्या जन्मभर दुधात कुस्करून देती. अख्खी भाकर पाह्यलीय का तुम्ही कधी?"

लोकं हसून हसून लिंबाला टेकले. पाटील वाड्यात गेले. पण एक सांगते, माणूस शब्दाचा पक्का. वखारीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं न्हाई.

सर आनंदानं नाचायचे तेवढे राह्यले. "बघा! मी सांगत होतो! ओळखू येत नाही!" अन् मधेच थबकले. मायकडं बघितलं. "पण बाई, तुम्हाला कशी ओळखू आली?"

"थापणारीला कळती सर," माय म्हणली. "पोरांनाबी कळत असंल."

सर आमच्याकडं वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

पोरं खाली बघायला लागली. शेवटी माझी खडूखाऊ पोरगी म्हणली, "हो सर. ती कोणी घेत न्हाई. तुम्हीच खाता रोज."

"रोज?"

"रोज."

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. माय माझ्याकडं बघून राह्यली होती. तीन वर्षांची सगळी खोटी नावं तिला एका दमात कळली. सरांनी सायकल धरली अन् भर दुपारी शाळा टाकून निघून गेले. असं ते कधीच गेल्ते न्हाईत.

त्या दिवशी घरी माय मला एक शब्द बोलली न्हाई. सकाळी फक्त विचारलं, "भाकर देऊ का न्हाई?" मी म्हणलं, दे.

दुपारी सर टोपलीपाशी उभे. डोळे सुजलेले. "आजपासून डोळे मिटायचे नाहीत," ते म्हणाले. "उघडे ठेवायचे. बघून घ्यायची. ज्याला जी सोडायची ती त्यानं माझ्यासमोर सोडावी."

धोतर न्हाई, काही न्हाई. मायची भाकर सगळ्यात वर होती. पहिला नंबर माझ्या खडूखाऊ पोरीचा. ती हसत आली अन् तिचा हात सरळ त्या भाकरीवर गेला. मंग तिला काही तरी आठवलं. घरून दम मिळाला असणार. तिनं माझ्याकडं बघितलं, हात मागं घेतला अन् बाजूची उचलली. तीन वर्षांत मला एवढं लागलं नव्हतं. आंधारात सोडली होती तवर निदान कोणी माझ्या तोंडाकडं बघून सोडली नव्हती. तिच्यामागून एकेक येत गेलं. कोणी मान खाली घातली, कोणी न्हाई घातली. सर नुसते बघून राह्यले होते. डोळे उघडले की सगळं ठीक होईल, असं या माणसाला खरंच वाटलं होतं.

पोरांत शेवटची मी. टोपलीत दोन उरल्या होत्या, एक पाटलांच्या घरची जाड अन् एक मायची. सरांनी सवयीनं हात पुढं करायची तयारी केली होती. मला असा राग आला, पाटलाचा न्हाई, पोरांचा न्हाई, त्या तयारीचा. मी मायची भाकर उचलली.

"घरची घ्यायची नाही," सर हळूच म्हणाले. "नियम आहे."

"मोडला," मी म्हणलं. "तीन वर्षं तुम्ही खाल्ली. आज मला पायजे."

 सर टोपलीत बघत उभे राह्यले.

"मग मी काय खाऊ?" त्यांनी विचारलं, एखाद्या बालवर्गातल्या लेकरानं विचारावं तसं.

"उरलीय ना एक? ती खा."

सर खाली बसले. ती जाड भाकर त्यांनी मोडली, मधलं कच्चं पीठ बोटाला चिकटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा ते नशिबाबद्दल काही बोलले न्हाईत. कच्चं, पक्कं सगळं चावून चावून खाल्लं, एक कण टाकला न्हाई. मी त्यांच्यासमोर बसून माझ्या मायची भाकर खाल्ली. शाळेत ती मी पहिल्यांदाच खाऊन राह्यले होते, अन् अशी चांगली लागली की मला रडू आलं.